उतारनियंत्रक

१ सप्टेंबर १९७४, सांगली

नवी रोजनिशी. वर्षाच्या मध्येच सुरू करतो आहे, कारण जानेवारीत सुरू केलेली फेब्रुवारीत थांबली. का थांबली याचा प्रामाणिक विचार केला. वही वाईट होती, कागद शाई पीत होता. हा कागद चांगला आहे.

पेट्रोल पुन्हा महाग. रस्त्यावर जो तो उतार लागला की चावी फिरवून इंजिन बंद करतो आणि गाडी न्यूट्रलमध्ये सोडून देतो. खंबाटकीत एका टॅक्सीवाल्याने हेच केलं तेव्हा मी मागच्या सीटवर होतो. वळण आलं, त्याने चावी फिरवली, इंजिन लागेना. त्याने खंडोबाला हाक मारली. मी त्याला.

तेव्हापासून डोक्यात आहे की हे काम माणसाच्या हातात असू नये, इलेक्ट्रॉनिक्सच्या हातात असावं. मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो, माझी स्वतःची सेकंडहँड गाडी आहे. मी नाही करणार तर कोण?

ठराव: दसऱ्याच्या आत उतारनियंत्रक तयार.

चंद्राने आज वर्तमानपत्रातली जाहिरात दाखवली. साताऱ्याच्या एका मुलींच्या हायस्कूलला मुख्याध्यापिका हवी आहे. चंद्रा इथल्या शाळेत कितीतरी वर्षं गणित शिकवते आहे. इथे ती जागा मिळणं शक्य नाही, कारण हेडमास्तर चेअरमनचे मेहुणे आहेत आणि प्रकृतीने ठणठणीत. मी म्हटलं, अवश्य अर्ज कर, निर्णय सर्वस्वी तुझा. ती म्हणाली, सर्वस्वी माझा असता तर तुम्हाला दाखवलं असतं का? मी पुन्हा म्हटलं, अवश्य.

नंतर स्वतःला विचारलं, ती साताऱ्याला राहायला गेलेली मला चालेल का? मुलगा नाथाजी पुण्याला होस्टेलवर, म्हणजे घरात मी एकटा. उत्तर आलं: चालेल. दुसऱ्यांदा विचारलं नाही, कारण उत्तर मिळालं होतं.

७ सप्टेंबर

आराखडा पूर्ण. तत्त्व इतकं सोपं आहे की आधी कुणाला कसं सुचलं नाही याची शंका येते. काचेच्या बारीक नळीत पाऱ्याचा थेंब. गाडीचं नाक खाली गेलं की थेंब पुढे धावतो आणि दोन तारा जोडतो. ट्रान्झिस्टर जागा होतो आणि इंजिनाची ठिणगी तोडतो. गाडी गिअरमध्येच ठेवायची, म्हणजे न्यूट्रलचा धोका नाही. सपाटी आली की थेंब मागे, ठिणगी परत. चाकं फिरतच असतात, त्यामुळे इंजिन आपोआप सुरू. ड्रायव्हरने काहीही करायचं नाही.

हवा तसा ट्रान्झिस्टर सांगलीत मिळेना. घरातला रेडिओ तसाही खरखरत होता. चंद्राला सांगितलं, तो दुरुस्तीला काढलाय. हे असत्य नाही. त्याचा काही भाग खरोखरच काढला आहे.

१४ सप्टेंबर

दस्तगीरच्या गॅरेजात डबा बसवला. डबा बिस्किटांचाच, पत्र्याचा, पण आतून शिस्तीत. डॅशबोर्डच्या खाली डावीकडे.

दस्तगीर माझा मेकॅनिक. उत्साह दांडगा. म्हणाला, सर, लय भारी काम केलंसा. ह्यो डबा एकदा चालला का, मिरजेपास्नं जतपातुर एक ट्रक बिनडब्याचा ठेवत न्हाई. मी विचारलं, जतकडे उतार कुठे आहेत? तर म्हणे, आवं उतार नसूंद्या, डबा असूंद्या. गाडीला वजन येतंय.

त्याच्याशी बोललं की बरं वाटतं. हे बरं वाटणं कितपत शास्त्रीय आहे, तो विचार पुढे ढकलला.

१५ सप्टेंबर, रविवार

सांगलीत उतार नाही. इतकी वर्षं इथे राहून ही गोष्ट लक्षात आली नव्हती. एक आहे, नदीकडे जाणारा, पण त्याच्या शेवटी नदी आहे. शेवटी दस्तगीरने जॅक लावून गाडीची मागची बाजू उचलली. इंजिन बंद पडलं. चाचणी यशस्वी, एवढंच की गाडी जागची हलली नाही.

चंद्राचा अर्ज मीच टाइप केला होता. पोस्टात टाकायचाही मीच. आज कोट धोब्याला देताना तो आतल्या खिशात सापडला. मुदत उद्या संपते. धावत जाऊन चंद्राला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, दुसरी प्रत मी आठवड्यापूर्वीच रजिस्टरने पाठवलीय. मी विचारलं, माझ्यावर विश्वास नव्हता का? ती म्हणाली, तसं नाही हो, सवय आहे.

ठराव: पोस्टाचं काम त्याच दिवशी.

२२ सप्टेंबर, रविवार

खरी चाचणी. चंद्राला पाचगणी दाखवतो म्हणून नेलं. वर जाताना पसरणीच्या घाटात तिने विचारलं, पाचगणी मी माहेरी असताना पन्नास वेळा पाहिलीय, आपण खरं कशाला चाललोय? मी म्हटलं, हवा. ती डब्याकडे बघत राहिली.

उतरताना पहिल्याच उताराला इंजिन शांत झालं. काय ती शांतता! चाकांचा आवाज, वारा, खाली दरीत वाई. मी म्हटलं, ऐक. ती म्हणाली, ऐकतेय, ब्रेक करकरतोय.

मग वळण आलं. घाटातली वळणं थोडी सपाट असतात, हे मी हिशेबात धरलं नव्हतं. थेंब मागे गेला, ठिणगी परत आली आणि ऐन वळणावर गाडीने पुढे उडी घेतली. चंद्राने हँडब्रेक ओढला. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. आणि प्रत्येक वेळी मागून मोठा बार. घाटाच्या पायथ्याशी एक म्हातारा बाजेवर झोपला होता, तो उठून उभा राहिला आणि आम्हाला त्याने नमस्कार केला. लग्नाची गाडी वाटली असावी.

 वाईत चंद्रा म्हणाली, इंजिन कधी बंद पडेल हे गाडी ठरवणार, कधी सुरू होईल हेही गाडी ठरवणार, मग तुम्ही तिथे कशाला बसलाय? प्रश्न चांगला आहे. उत्तर तयार करतो आहे.

३० सप्टेंबर

पेट्रोल वाचलं नाही. जास्तच गेलं. संभाव्य कारणं: टाकी झिरपते. हवेतली उष्णता. चंद्राने धरलेला हँडब्रेक.

दस्तगीर म्हणाला, सर, पंपावर भेसळ चालती, दुसरं काय. हे मनाला पटलं. पण कॉलेजातून परत येताना सायकलवर बसल्याबसल्या लक्षात आलं की ठिणगी तोडली म्हणजे पेट्रोल थांबलं असं नाही. इंजिन फिरतच असतं, पेट्रोल ओढतच असतं, फक्त जाळत नाही. ते न जळता सायलेन्सरमध्ये साठतं आणि ठिणगी आली की तिथे पेटतं. म्हणजे तो बार माझ्याच पेट्रोलचा होता.

हे समजल्यावर तासभर बरं वाटलं नाही. मग वाटलं, दोषाचं कारण कळणं ही अर्धी प्रगतीच की. आता हे पेट्रोल वाचवण्याचं यंत्र उरलं नाही. सुरक्षिततेचं आहे.

७ ऑक्टोबर

चंद्राला मुलाखतीचं बोलावणं आलं. २९ ऑक्टोबर, सकाळी अकरा, सातारा. बोलावलेल्या तिघीच आहेत. ती दिवसभर हसत होती आणि हसत नसल्यासारखं दाखवत होती. संध्याकाळी कपाटातून तिची मोरपंखी इरकल बाहेर आली, इस्त्री झाली आणि परत आत गेली.

म्हणाली, मी पहाटेच्या एसटीने जाते. मी स्पष्ट नकार दिला. होणाऱ्या मुख्याध्यापिकेने खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची? चिरगुटासारख्या चुरगळलेल्या साडीत समितीसमोर बसायचं? मी गाडीने नेणार. ती म्हणाली, मग डबा काढा. मी म्हटलं, बरं.

'बरं' म्हटलं. तारीख ठरली नाही.

१२ ऑक्टोबर

आज भर बाजारात, अगदी सपाट रस्त्यावर, गाडी बंद पडली. समोर भाजीची हातगाडी आडवी आली, ब्रेक दाबला, इंजिन गेलं. हातगाडीवाल्याने शिव्या दिल्या त्या मी ऐकून घेतल्या, कारण त्यांतल्या दोन रास्त होत्या. मग गाडी आपोआप बरी. गॅरेजात नेली तर तिथे उत्तम. दस्तगीरने तीन फेऱ्या मारल्या, एकदाही बंद पडेना. म्हणाला, सर, गाडी तुमास्नी वळखती. माझ्याकडं गुमान चालती.

जो दोष तपासायला गेलं की दिसत नाही, तो आहे असं म्हणावं का? मी वर्गात मुलांना सांगतो, नाही. आज खात्री वाटत नाही.

१६ ऑक्टोबर

दुसऱ्या वर्षाच्या वर्गात लंबक शिकवत होतो. बंद लॉरीच्या टपाला लंबक टांगला आहे. लॉरीने ब्रेक दाबला की लंबक पुढे झुकतो. आत बसलेल्या माणसाला लॉरी ब्रेक दाबते आहे की उताराला लागली आहे हे लंबकाकडे बघून कधीही सांगता येणार नाही. हे वाक्य मी गेली कितीतरी वर्षं फळ्यावर लिहितो. आज लिहिलं आणि खडू तसाच धरून उभा राहिलो.

माझा पाऱ्याचा थेंबही बंद लॉरीतला माणूस आहे. मी ब्रेक दाबला की त्याला वाटतं, उतार आला.

म्हणजे नेमक्या ज्या क्षणी कुणीतरी आडवं येतं आणि गाडी हातात असायला हवी, त्याच क्षणी इंजिन जातं. मुलांना वाटलं माझी तब्येत बरी नाही. तास लवकर सोडला.

ठराव: ब्रेक हळू दाबायचा. त्याहून बरं म्हणजे दाबायची वेळच येऊ द्यायची नाही.

२४ ऑक्टोबर, खंडेनवमी

दसऱ्याला चंद्राच्या माहेरी आलो आहोत. उंब्रजजवळचं गाव. सासरे, सुभेदार लालासाहेब, फौजेतून निवृत्त, निम्मं बोलणं अजून छावणीतलं. डब्याला ते वायरलेस म्हणतात.

आज हत्यारांची पूजा. दारात सतरंजीवर त्यांची तलवार, कोयते, विळे, पाना, पाइपरेंच, शेजारी पाणी उपसायचं इंजिन आणि त्याच्या शेजारी माझी गाडी. गाडीला झेंडूची माळ घातली. मग म्हणाले, जावईबापू, वायरलेस आणा पुढं. मी डब्याचं झाकण पुसून दिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, तलवारीची पूजा म्यानावरनं करत्यात व्हय? काढा झाकण.

माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. पण सासऱ्यांना दुखवावं की शास्त्राला, असा प्रश्न आला तर शास्त्र कमी रागावतं. झाकण काढलं. हळद, कुंकू, अक्षता, फुलाने शिंपडलेलं पाणी. पाणी नळीवर, तारांवर, ट्रान्झिस्टरवर. लालासाहेबांनी हात जोडले आणि म्हणाले, ऑल करेक्ट.

चंद्रा मागे आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिचा चेहरा शांत होता. इतका शांत की मला संशय आला.

२६ ऑक्टोबर

डबा उन्हात वाळवला. अक्षतेचे दाणे चिमट्याने काढले, एक खाली आत गेला तो निघेना. कुंकू कुठे कुठे वीज वाहून नेईल सांगता येत नाही. एक मात्र झालं, यापुढे काही बिघडलं तर ते माझ्या आराखड्यामुळे आहे असं म्हणता येणार नाही. हा विचार मनात आला तेव्हा किंचित हलकं वाटलं. हलकं का वाटलं, हे तपासायला हवं. दसऱ्याची गडबड संपल्यावर.

२७ ऑक्टोबर

चंद्राने आज सरळ विचारलं, डबा काढलात? मी म्हटलं, त्याहून चांगलं केलंय. डॅशबोर्डवर एक स्विच बसवलाय. स्विच बंद केला की डबा नसल्यासारखाच. ती म्हणाली, नसल्यासारखा आणि नसलेला यांत फरक असतो, तुम्हीच वर्गात शिकवत असाल.

मी वचन दिलं की परवा स्विच बंद राहील. अक्षरशः हेच शब्द वापरले. डबा काढण्याविषयी आज वचन दिलेलं नाही, सात तारखेचं 'बरं' मोघम होतं, आणि आता तिने पुन्हा मागितलंही नाही. मागता मागता थांबली.

ठराव: पहाटे निघणे. वेग मध्यम. स्विचला हात नाही.

२९ ऑक्टोबर, रात्री जेवण नको झाल्यावर

जे झालं ते क्रमाने लिहितो.

पहाटे निघालो. चंद्रा मागच्या सीटवर, इरकल नेसून, मांडीवर सर्टिफिकेटांची फाइल. स्विच बंद. इस्लामपूर, पेठ नाका, कऱ्हाड, काहीही त्रास नाही. मी दोनदा म्हटलंही, बघ. उंब्रजला लालासाहेब रस्त्यावर उभे होते, हातात फडक्यात बांधलेल्या दशम्या. पोरीच्या मुलाखतीला बाप नको का, म्हणून पुढे बसले.

पुढे रस्ता थोडा चढतो आणि मग इतका सरळ, एकसारखा, रिकामा उतार लागतो की असा उतार सांगलीकराच्या नशिबी येत नाही. वाळवल्यानंतर डबा चालतो की नाही हे मला माहीत नव्हतं. फक्त एक नोंद घ्यायची होती. स्विच दाबला. इंजिन शांत. खाली सपाटीला इंजिन परत सुरू, बारसुद्धा लहान. मी स्विच बंद करणारच होतो. पण लालासाहेब इटलीतल्या लढाईतला एक पूल सांगत होते, आणि मोठी माणसं बोलत असताना मध्येच काही करणं मला कधी जमलेलं नाही.

कारखान्याचं गाळप नुकतंच सुरू झालंय. पुढे उसाच्या बैलगाड्यांची रांग. मागे राहिलो असतो तर उशीर झाला असता. ओलांडायला बाहेर काढली. निम्मी रांग मागे टाकली आणि समोरून ट्रक. मी ब्रेक दाबला. हळू नाही, जोरात. थेंबाला वाटलं, उतार. इंजिन गेलं. ॲक्सिलरेटर दाबतो तर पायाखाली काही नाही. गाडी तशीच आडवी, ट्रक तसाच येतोय, लालासाहेब ओरडले, बाएं! बाएं! ट्रकवाल्यानेच ट्रक रस्त्याखाली घातला आणि धुरळ्यातून निघून गेला. मी पाय दाबूनच धरला होता. थेंब मागे आला. इतका वेळ साठलेलं सगळं पेट्रोल एकदम पेटलं. बार असा की मलाच वाटलं टायर गेला.

शेजारच्या बैलगाडीचे बैल उधळले. गाडी चरात गेली, एक चाक वर, सगळा ऊस रस्त्यावर. गाडीवान जोतिबा नावाचा, उडी मारून वाचला. पहिल्यांदा बैलांकडे धावला, दोन्ही उभे होते, थरथरत. मग माझ्याकडे आला. म्हणाला, आवं मास्तर, गाडी हाय का तोफ? बैलं माझी हायती, सरकारची न्हाईत! लालासाहेब मध्ये पडले. त्यांना बघून तो म्हणाला, सुभेदार, ह्यो तुमचा कोन? त्यांनी फेटा सारखा केला. मग म्हणाले, जावई हाय. जोतिबाने चाबूक खाली टाकला. म्हणाला, मग काय बोलणार.

माझी गाडी लागेना. मी डब्याचं झाकण उघडून बसलो. तारा दिसत होत्या, पण कोणती कोणती ते आठवेना. चंद्रा खाली उतरली होती. घड्याळाकडे बघितलं नाही. खिडकीतून हात आत घातला, डॅशबोर्डवरचा चालू असलेला स्विच एका बोटाने बंद केला, आणि फाइल उचलली. एवढंच.

एसटी आली. तिने हात केला. भरलेली होती, तरी थांबली. ती पायरीवर उभी राहूनच गेली. साडीच्या काठाला काजळी लागली होती. मी हाक मारणार होतो की काठ झटक. नाही मारली.

मग आम्ही तिघांनी ऊस भरला. लालासाहेबांना नको म्हटलं तरी ऐकेनात. मुलाखतीच्या दिवसासाठी घातलेला कोट मी काढून ठेवला होता, त्याच्यावर कुणाचा तरी बैल उभा राहिला. उसाची मोळी उचलताना लालासाहेबांनी हळूच विचारलं, जावईबापू, येक इचारू का? रागावू नगा. पोरगी सातारला जावी आसं तुमास्नी वाटतंय का न्हाई?

मी म्हटलं, पाण्यामुळे इन्सुलेशन कमजोर झालं असावं.

ते म्हणाले, मी पान्याचं इचारलं न्हाई. आणि पुढची मोळी उचलली.

शेवटी डब्याला जाणाऱ्या तारा तोडून सरळ जोडल्या. गाडी लगेच लागली. साताऱ्याला पोचलो तेव्हा शाळेचं फाटक बंद होतं. शिपाई म्हणाला, बाई कवाच एसटीनं गेल्या. सांगलीला परत आलो. चंद्रा घरी होती, आमटीला फोडणी देत होती. म्हणाली, झाली माझी निवड. समितीनेच तिथल्या तिथे सांगितलं. त्यांनी विचारलं होतं, अचानक संकट आलं तर काय कराल? मी म्हटलं, आधी मुक्कामाला पोचेन, मग विचार करेन.

मी अभिनंदन केलं. हात काळे होते म्हणून हातात हात दिला नाही.

३० ऑक्टोबर

लालासाहेबांच्या प्रश्नावर विचार केला. मला तिने जायला हवं आहे. अर्ज मी टाइप केला. गाडीने मीच न्यायचा आग्रह धरला. स्विच मीच बसवला. एवढं सगळं मीच केलं आहे.

पुन्हा वाचलं. हे वाक्य मी ज्या अर्थाने लिहिलं त्याच अर्थाने वाचता आलं नाही.

कॉलेजला गेलो नाही. पाठ दुखते आहे, उसामुळे.

९ नोव्हेंबर

डबा काढला. दस्तगीरला देऊन टाकला आणि त्या दिवशीचा सगळा अपघात, लंबक, लॉरी, थेंब, सगळं समजावून सांगितलं, म्हणजे तो भलत्या कुणाच्या गाडीला बसवणार नाही. तो गंभीर झाला. म्हणाला, बरं झालं सर सांगितलंसा. दुपारी पुन्हा गेलो तर विट्याच्या एका ट्रकला डबा बसलेला, चकचकीत, झाकणावर लाल दिवा. मी हादरलो. दस्तगीर म्हणाला, आवं, आतलं समदं काढून टाकलंय. तार एक जोडलेली न्हाई. मालकाला नुसता दिसायला पायजेल हुता.

मला वाटतं, माझ्या आराखड्याची ही पहिली निर्दोष आवृत्ती.

ट्रान्झिस्टर रेडिओत परत बसवला. आता सांगली लागत नाही, पण कन्नड बातम्या स्पष्ट ऐकू येतात. चंद्रा म्हणाली, असू दे, आवाज तरी होईल घरात. कुणासाठी, ते बोलली नाही.

१४ नोव्हेंबर

दिवाळी. नाथाजी आला आहे. आईचं कौतुक करतो आहे. मला म्हणाला, अण्णा, तुम्ही जेवणाचं काय करणार? मी म्हटलं, शिकेन. तो आणि चंद्रा एकमेकांकडे बघून हसले. चंद्राने मग शेगडीपाशी उभं करून मला भाताचं पाणी बोटाच्या पेराने मोजायला शिकवलं. दोनदा. तिसऱ्यांदाही आलं नसल्यासारखं केलं. तिने ओळखलं असावं, कारण चौथ्यांदा शिकवलं नाही.

ठराव: वरण.

२४ नोव्हेंबर, रविवार

चंद्राला साताऱ्याला सोडून आलो. उद्या ती रुजू होते.

डबा नाही, स्विच नाही. डॅशबोर्डला फक्त भोक आहे. निघताना म्हटलं, घाई नको, रस्ता खराब आहे. रस्ता उत्तम होता. पेठ नाक्याला चहा घेतला. कऱ्हाडला चहा घेतला. काशीळला पुन्हा थांबलो तेव्हा चंद्रा म्हणाली, आता माझ्याच्याने चहा जाणार नाही, तुम्ही घ्या. प्रत्येक ठिकाणी इंजिन बंद केलं. प्रत्येक ठिकाणी पहिल्या चावीला लागलं.

अतीतच्या पुढे रस्त्यावर कुणी नसताना जोरात ब्रेक दाबून बघितला. ट्रंक पुढे आदळली. इंजिन गुरगुरत राहिलं. थोड्या वेळाने पुन्हा दाबला. चंद्रा म्हणाली, काय शोधताय? मी म्हटलं, काही नाही, सवय. ती माझ्याकडे बघत होती. मग खिडकीबाहेर बघू लागली, आणि तिने पदर डोळ्यांना लावला. धूळ होती.

साताऱ्यात अदालतवाड्याच्या बाजूला एक खोली मिळाली आहे, घरमालकीण बयाबाई म्हणून आहेत. त्यांनी मला विचारलं, तुमी ऱ्हानार न्हाई व्हय? मी ट्रंक वर नेली, वळकटी नेली, आणि मग नेण्यासारखं काही उरलं नाही. चंद्रा खाली आली. म्हणाली, आज चांगली चालली हो गाडी. शनिवारी येते मी. न्यायला येऊ नका, एसटी आहे.

मी म्हटलं, येईन की. ती म्हणाली, बघू.

एकटा परत आलो. चहाला कुठे थांबलो नाही. घरी आलो, भात केला, पाणी जास्त झालं.

गाडी आज जाता-येता कुठेही बंद पडली नाही. कारण शोधतो आहे.